शेळी काय खात नाही?

झाडपाला ओरबाडणारी म्हणून जिची आपण पिढ्यान्‌पिढ्या बदनामी केली, ती शेळी अलीकडे परदेशांत रोजंदारीवर जाऊ लागली आहे. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, काँग्रेशनल सेमेटरी नावाची एक जुनी दफनभूमी आहे. तिच्या कडेला विषारी वेली आणि परदेशी झुडपे इतकी माजली की शेजारची झाडे गुदमरून थडग्यांवर कोसळण्याची भीती निर्माण झाली. नदी जवळ असल्यामुळे औषध फवारण्याची सोय नव्हती. तेव्हा २०१३ साली तिथे शेळ्यांचा कळप भाड्याने आणला गेला. त्याच वर्षी शिकागोच्या ओहेअर विमानतळानेही आडबाजूची झुडपे साफ करण्यासाठी शेळ्यामेंढ्या कामाला लावल्या. त्याआधी, २००६ मध्ये, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहराने डोंगरउतारावर पसरलेल्या कुडझू या जपानी वेलीवर शेळ्या सोडल्या होत्या. हौस म्हणावी तर तीही जुनीच आहे. पहिल्या महायुद्धात अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या ठेवल्या होत्या आणि त्यांची लोकर लिलावात विकून पैसा रेडक्रॉसला दिला होता.

हैदराबादेत नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने मध्यंतरी अशाच एका कळपाची फीत मोबाइलवर दाखवली आणि म्हणाला, "काका, आपल्या नायगावात शेळ्यांचा काय तुटवडा आहे? सोडा की गाजरगवतावर!"

प्रश्न रास्त होता. नायगाव हे नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. १९९९ साली ते तालुक्याचे ठिकाण झाले. पावसाळ्याच्या दोन सरी पडल्या की या भागात रस्त्याच्या कडा, पडीक वावरे, मोकळी आवारे सगळी पांढऱ्या बारीक फुलांनी भरून जातात. लांबून पाहणाऱ्याला सुंदर वाटावे असे ते दृश्य असते. म्हणून तर त्याला कोणी चटकचांदणी म्हटले. कोणी गाजरगवत म्हणते, कोणी काँग्रेसगवत. मध्य अमेरिकेच्या बाजूचे हे रोप. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम लक्षात आले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत देशभर पसरले. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे लोक सांगतात. एकेक रोप हजारोंनी बी टाकते. ज्याच्या अंगावर त्याची खाज उठली, त्याला त्याची आणखी ओळख करून द्यावी लागत नाही. निंदायला जाणाऱ्या बायकांच्या हाताकडे, मानेकडे पाहिले की कळते.

आणि देशात शेळ्याही कमी नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत भारतात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४३ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. आपली उस्मानाबादी शेळी तर लातूर, उदगीर, तुळजापूर या पट्ट्याचे लेणेच. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, शेळीचे मात्र अजून उस्मानाबादीच आहे. काळीभोर, काटक, बऱ्याचदा जुळी करडे देणारी. शेजारच्या मुखेडला शेळी-मेंढी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. मग अडले कुठे?

अडले ते शेळीच्या तोंडाशी. शेळी काहीही खाते, हा न पाळणाऱ्यांचा समज आहे. ज्याने चार दिवस शेळ्या वळल्या असतील त्याला ठाऊक असते, की हिच्याइतके चोखंदळ जनावर दुसरे नाही. ती शेंडा खुडते, पान हुंगते, सोडते, पुढे जाते. गाजरगवत तर ती सहसा टाळतेच. भुकेपोटी खाल्लेच तर दुधाला कडवट वास येतो, आणि पोटात जास्त गेले तर जनावर आजारी पडते. घाणेरीचे तेच. तिचा पाला पोटात गेला की मेंढ्यांना कावीळ होते, उन्हात कातडी सोलून निघते. ओढ्याकाठी माजलेली बेशरम तर त्याहून वाईट. उन्हाळ्यात दुसरे हिरवे काही नसले की शेळी तिला तोंड लावते, मग तिची चटक लागते, आणि पुढे ते जनावर झोकांड्या खात खंगते. नावाप्रमाणे बेशरमच ती.

वेड्या बाभळीची गोष्ट उलटी आहे. तिचा पाला शेळीला नको असतो, पण गोड शेंगा अगदी आवडीच्या. शेंग पचते, बी पचत नाही. ते लेंडीबरोबर खतासह नव्या जागी जाऊन पडते आणि पहिल्या पावसात उगवते. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही बाभूळ मुद्दाम लावली गेली. पुढे तिने गवताची किती जमीन गिळली, ते तिथल्या मालधारींना विचारावे. त्या पसरण्यात चरणाऱ्या जनावरांचा हातभार मोठा होता. म्हणजे ज्या जनावराला तण काढायला न्यावे, तेच पेरणी करून येणार!

एका झाडाच्या बाबतीत मात्र शेळीच्या हाती निकाल सोपवावा. ते म्हणजे सुबाभूळ. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चारा आणि सरपण म्हणून गावोगाव सुबाभळीचा प्रसार झाला, आणि जिथे कापणारे थकले तिथे तिने रान व्यापले. तिच्या पाल्यात मायमोसिन नावाचे विष असते. ऑस्ट्रेलियातली गुरे त्याने आजारी पडत. मग तिथल्या रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की हवाई बेटांवरच्या शेळ्या हाच पाला खाऊन ठणठणीत राहतात. त्यांच्या पोटातले सूक्ष्म जंतू ते विष पचवत होते. ते जंतू ऑस्ट्रेलियात नेऊन गुरांच्या पोटात सोडले आणि गुरेही तो पाला पचवू लागली. १९९२ साली त्या जंतूला जोन्स यांचेच नाव मिळाले. शेळीच्या पोटात काय काय विद्या साठवलेली असते, याचा हा दाखला. सुबाभळीची कोवळी रोपे पावसाळ्यात शेळ्यांनी खुडली तर रान माजत नाही आणि जनावरालाही उत्तम चारा मिळतो.

तेव्हा पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर "सोडा की" इतके सोपे नाही. उंटावरून शेळ्या हाकायची आपल्याला फार सवय आहे, आणि ही म्हण शेळ्यांच्या बाबतीत तरी शब्दशः लक्षात ठेवायला हवी.

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत काढली. ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली शेळ्यांची कर्जप्रकरणे ढिगाने येत. शेळ्या दहा, बोकड एक, अर्धे अनुदान की एक तृतीयांश, विमा, कानात बिल्ला. शेळी मेली तर विम्याच्या दाव्यासाठी तो बिल्ला कानासकट आणून दाखवावा लागे. फायलीत गरिबी नाहीशी होण्याचे सगळे रकाने होते. शेळी चरणार कुठे, एवढा एकच रकाना नव्हता. त्याच काळात दुसरीकडे आदर्श गावाची सूत्रे ठरत होती, आणि राळेगणसिद्धीपासून हिवरे बाजारपर्यंत त्यांत कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदीही होती. त्या गावांचे डोंगर हिरवे झाले, पाणी वाढले, हे सत्य आहे आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण एका हाताने शेळी द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचे रान बंद करायचे, या दोन हातांची गाठ कुठेच पडली नाही. ज्या बाईकडे जमिनीचा तुकडा नाही, तिच्या चार शेळ्यांनी कुठे जावे, हे कोणी सांगितले नाही.

शेळीवरचा आरोप खोटा होता असे मात्र मी म्हणणार नाही. सेंट हेलेना बेटावर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात शेळ्या सोडल्या आणि त्यांनी तिथले जंगल बोडके केले. गालापागोस बेटांवर तर तिथली कासवे वाचवण्यासाठी लाखाच्या वर रानटी झालेल्या शेळ्या माराव्या लागल्या. ती मोहीम २००६ मध्ये संपली. पण या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती. तिथे शेळ्या होत्या, गुराखी नव्हता. वॉशिंग्टनच्या त्या दफनभूमीत कळपाबरोबर माणसे होती, कुंपण होते आणि परत न्यायचा दिवस ठरलेला होता. सगळा फरक इथे आहे.

आपल्याकडे हे शास्त्र कोणी शिकवायची गरज नव्हती. पिके निघाली की धनगरांचे कळप येत आणि शेतकरी त्यांना आपल्या वावरात मेंढ्या बसवायला बोलावी. रात्री मेंढ्या कुठे बसवायच्या, उद्या वाडा किती सरकवायचा, हे ठरलेले असे. धसकटे, बांधावरचे तण, सांडलेला दाणा मेंढ्या वेचून खात; लेंडी आणि मूत जमिनीत जाई. मोबदला धान्यात किंवा रोखीने. तण उपटायचे, खत घालायचे आणि जनावर पोसायचे ही तीन कामे एका रात्रीत होत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भेटलेल्या एका वयस्क मेंढपाळाला मी विचारले, गाजरगवतावर मेंढ्या का नाही सोडत? तो हसला. म्हणाला, "सायेब, जितं गवत हाय तितं ते येत न्हाई. गवत सरलं की ते येतंय. आमी दोन दिस उशिरा हललो की समजा, म्होरल्या साली तितं चांदण्याच."

अख्ख्या विषयाचे सार या दोन वाक्यांत आहे. गाजरगवत भरल्या घरात शिरत नाही, उघड्या पडलेल्या जमिनीवर ते पाय पसरते. जनावरांनी जागा मुळापासून खरवडली की त्याला मोकळे रान मिळते. वेळेवर हलवली की गवत पुन्हा फुटते आणि त्याला थारा मिळत नाही. म्हणजे शेळ्यामेंढ्या हे तण खाऊन संपवणार नाहीत. पण त्यांना फिरते ठेवले तर त्याची जागा गवताच्या हाती राहील. बाकीचे काम माणसानेच करायचे: फुलावर येण्याआधी, हातात मोजे घालून, मुळासकट उपटणे. त्याच्या जोडीला तरोटा पेरता येतो. १९८४ मध्ये बंगळूरला सोडलेले मेक्सिकन भुंगे आता देशात अनेक ठिकाणी पावसाळ्यात या गवताची चाळण करतात, तेही सोडता येतात. दर वर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजरगवत जागृती सप्ताह असतो. त्यात भाषणे कमी करून उपटणे वाढवले तरी पुष्कळ होईल.

आज घडते आहे ते वेगळेच. सोयाबीन आणि कपाशीच्या पट्ट्यात तणनाशकाचा पंप घरोघर पोचला. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. पण त्या पंपाने निंदणीच्या बायकांची मजुरी नेली, आणि बांधही फवारले गेल्याने मेंढपाळाची वाटही नेली. फवारलेल्या बांधावर कळप न्यायला त्याची छाती होत नाही. मेंढ्या बसवण्याचे आमंत्रण कमी झाले, तशी त्याची मुले पुण्या-हैदराबादेकडे निघाली. कळप विकायला एक बाजार पुरतो. पण कुठल्या महिन्यात कुठले पान चालते आणि कुठले मारते, ही विद्या गेली तर ती कुठल्या बाजारात विकत मिळत नाही.

आणि गायराने? तीही आता मोकळी राहिलेली नाहीत. मराठवाड्यात भूमिहीन दलित कुटुंबांनी गायराने कसली, त्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या काळापासून सत्याग्रह केले. त्यांच्या पोटावर पाय देऊन शेळ्यांना रान द्या, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण आता सौर कृषी वाहिनी योजनेत, विशेषतः २०२३ पासून, सरकारी आणि गायरान जमिनींवर सौर प्रकल्प उभे राहत आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी हा हेतू चांगलाच आहे. त्या जमिनीला मात्र तारेचे कुंपण पडते, आणि आत पट्ट्यांखाली गवत-तण माजते. ते कापायला यंत्र आणा, नाहीतर औषध फवारा. अमेरिकेत आणि युरोपात अशा ठिकाणी मेंढ्या चारतात. मेंढ्याच, शेळ्या नव्हेत. कारण शेळी पट्टीवर चढते आणि वायर चावून पाहते. मेंढी सावलीत चरते, गवत आखूड ठेवते आणि मालकाला मेंढपाळाला पैसे द्यावे लागतात.

माझे मागणे एवढेच आहे. ज्या गायरानावर सौर पट्ट्या बसतील, त्या कराराच्या कागदातच गावच्या मेंढपाळाला आत चारण्याचा हक्क आणि त्या कामाची मजुरी लिहिलेली असावी. ग्रामपंचायतीने उरलेल्या रानाचे तीन-चार तुकडे पाडून, कुठला कधी बंद आणि कुठला कधी खुला, हे मेंढपाळाला आणि शेळ्यावाल्या बायांना समोर बसवून ठरवावे. कायमची चराईबंदी नको, तशी कायमची मोकळीकही नको. वेड्या बाभळीच्या शेंगा पिकण्याच्या दिवसांत कळप तिथून दूर ठेवावा. शेंगा वेचून, दळून खाऊ घालाव्यात, म्हणजे बी मरते आणि चाराही होतो. गाजरगवत उपटण्याचे काम रोजगार हमीवर, फुलोऱ्याआधी निघावे. बँकेच्या माझ्या तरुण मित्रांनीही शेळीचे कर्जप्रकरण मंजूर करताना एक ओळ वाढवावी: जनावर चरणार कुठे?

यातले काहीही महाग नाही. त्यासाठी परदेशातून तज्ज्ञ आणावा लागत नाही. तो काठी खांद्यावर टाकून आपल्याच शिवारातून जात असतो. त्याला गावाच्या बैठकीत खुर्ची द्यायची, त्याच्या कामाला मजुरी म्हणायचे आणि त्याच्या मुलाला या धंद्याची लाज वाटू नये इतके त्याचे पैसे वेळेवर द्यायचे, एवढे जमले तर पुरे. शेळी काय खात नाही, हे त्याला बरोबर ठाऊक आहे.