दुष्काळाची नातवंडं

१९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातले लोक खडी फोडायला गेले. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो ज्वारी. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या पट्ट्यात त्या साली पाटी उचललेल्या बायकांची नातवंडं आज अकरावी-बारावीत आहेत. त्यातल्या एखाद्याचं वजन जास्त आहे असं डॉक्टर म्हणाले, तर घरात कुणाला पटत नाही. "खात्यापित्या घरचं पोर आहे, नजर लावू नका," एवढंच आजी म्हणते. आजीला हसू नये. तिनं किडकिडीत पोरं दुखण्यानं गेलेली पाहिली आहेत.

शिवाय गोष्ट पोरांच्या जन्माच्याही आधीपासूनची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमतरता स्नायूंची होती. चरबी त्या मानानं राखलेली होती. अर्धपोटी आयांच्या पोटी जन्मलेलं हे शरीर मिळेल ते साठवून ठेवतं. त्याच्यापुढे रोज साखर, मैदा आणि तळण ठेवलं की काय होणार?

तेच ठेवलं गेलं. ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं. ते ताटात येत नाही, लातूरच्या तेल गिरण्यांकडे जातं. रेशनवर गहू-तांदूळ आले, तशी भाकरी मागे सरली.

मग आला 'लातूर पॅटर्न', परीक्षेत गुण मिळवायची इथली पद्धत. १९८२ साली लातूर वेगळा जिल्हा झाला. पुढे शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांनी लातूरचं नाव राज्यभर नेलं. मागासलेपणाचा शिक्का पुसणारी ती जिद्द होती, तिचं मोल मी कमी मानत नाही. पण तिची किंमत पोरांच्या अंगातून वसूल झाली. पहाटेची बॅच, मग कॉलेज, संध्याकाळची बॅच, रात्री टेस्टचा अभ्यास आणि उरलेल्या झोपेत मोबाइल. दोन बॅचच्या मधल्या वीस मिनिटांत पोटाला काय? गल्लीच्या तोंडाशी वडापाव, दहा रुपयांचं पाकीट, थंड पेयाची छोटी बाटली. डब्यातली भाकरी-पालेभाजी तशीच घरी परत. २०२०च्या नियमानं शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांत असले पदार्थ विकायला बंदी आहे. नियमात शब्द शाळेचा आहे, क्लासच्या गल्लीचा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं या वयाला दिवसाला साठ मिनिटांची हालचाल सांगितली आहे. तिच्याच २०१९ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातली चारातली जवळजवळ तीन मुलं तेवढी हलत नव्हती. आणि लातूर जिल्ह्यातल्याच रामलिंग मुदगडचे पैलवान हरिश्चंद्र बिराजदार १९६९ला महाराष्ट्र केसरी झाले होते!

देशातल्या किशोरांत जास्त वजनाची मुलं सुमारे पाच टक्के, हडकुळी चोवीस टक्के, असं २०१६-१८च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं. म्हणून ही श्रीमंतांची काळजी, असं कुणी म्हणेल. तसं नाही. जगात शाळकरी वयात लठ्ठपणानं कमी वजनाला मागे टाकल्याचं युनिसेफनं २०२५ला सांगितलं. आपण त्याच वाटेवर आहोत. पोरांना "कमी खा" म्हणून टोमणे मारणं थांबवावं. मुरुडच्या आणि लातूरच्या मुख्याध्यापकांना एकच विनंती: दहावीच्या वर्गाचा पी.टी.चा तास वेळापत्रकात ठेवा आणि तो गणिताच्या सरांना देऊ नका.