पडावे कसे, याचे शास्त्र

विज्ञान प्रदर्शनात मांडायच्या प्रकल्पाला एक रकाना हमखास भरावा लागतो : ‘दैनंदिन जीवनातील उपयोग’. तक्ते रंगवून झालेले असतात, प्रतिकृतीवरचा डिंक वाळत असतो आणि आदल्या रात्री अख्खे घर उपयोग शोधायला बसते. कागदाच्या लगद्याच्या ज्वालामुखीचा घरगुती उपयोग काय, ते अजून कोणाला सांगता आलेले नाही. पण खरी पंचाईत होते ती कराटे-ज्यूदोच्या वर्गाला जाणाऱ्या मुलामुलींची. आपल्या आवडीच्या खेळावरच प्रकल्प करायचा, असे ती हौसेने ठरवतात, हाताच्या एका फटक्यात फळी कशी फुटते ते दाखवतात आणि रकान्यात लिहून मोकळी होतात : ‘आत्मसंरक्षणासाठी’.

हे उत्तर खोटे नव्हे, पण ते मोजता येत नाही. अंधाऱ्या गल्लीत काय घडेल ते भीतीवर, पळायला वाट आहे की नाही यावर, सोबतीला कोण आहे यावर ठरते. टेबलावर मांडलेल्या फुटक्या फळीवरून त्याचा पत्ता लागत नाही. पालकांनी आणि विज्ञानाच्या बाईंनीही इथे जरा हट्ट धरावा, असे मला वाटते.

फळी फोडण्यात शास्त्र नाही, असे मात्र कोणी समजू नये. रोनाल्ड मॅकनेअर हा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ कराटेचा ब्लॅक बेल्ट होता. त्याने मायकेल फेल्ड आणि स्टीफन विल्क यांच्यासह १९७९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कराटेच्या भौतिकशास्त्रावर लेख लिहिला. तरबेज माणसाचा हात सेकंदाला १० ते १४ मीटर वेगाने जातो आणि क्षणभरात ३,००० न्यूटनहून अधिक बळ लावतो, असा त्यांचा हिशेब होता. हाच मॅकनेअर पुढे अंतराळवीर झाला आणि १९८६ साली ‘चॅलेंजर’च्या अपघातात गेला. खेळ आणि शास्त्र एकाच माणसात किती सुखाने नांदू शकतात, हे मुलांना सांगायला यासारखे उदाहरण नाही.

तरीही मला वाटते, या विद्यांमधले सगळ्यांत उपयोगी शास्त्र मारण्यात नसून पडण्यात आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानमध्ये ज्यूदोची शाळा काढली. ज्यूदोच्या वर्गात नवख्याला आधी पडायला शिकवतात. जपानीत त्याला ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीशी घ्यायची, अंग गोल करायचे, हात ताठ टेकायचा नाही, लोळत जायचे आणि तळहातापासून कोपरापर्यंतचा हात जमिनीवर थाप मारल्यासारखा आपटायचा. बघणाऱ्याला ती नुसती नाटकी थाप वाटते. पण पडण्याचा धक्का एका हाडावर न येता पसरतो आणि थांबायला थोडा अधिक वेळ मिळतो, ही सगळी किमया त्यातच आहे.

गणित आठवी-नववीच्या मुलाला झेपेल असे आहे. एखादी वस्तू ८० सेंटिमीटर खाली आली आणि त्यांतल्या शेवटच्या २ सेंटिमीटरांत थांबली, तर तिला थांबवणारे सरासरी बळ तिच्या वजनाच्या सुमारे ४० पट भरते. थांबायला ८ सेंटिमीटर मिळाले, तर तेच १० पटींवर येते. आपल्या तालमींनी हे गणित न मांडताच ओळखले होते. हौद्यातली तांबडी माती खणून, तेल, ताक, हळद घालून मऊ राखायची, ती काय फक्त शोभेसाठी? पाठीवर पडणाऱ्या पैलवानाला तेवढेच चार बोटे अंतर मिळते.

आता हे घरात आणून पाहा. घरातले वडीलधारे माणूस ओल्या फरशीवरून घसरते, कुशीवर पडते, खुब्याचे हाड मोडते आणि पुढचे वर्षभर सारे घर त्या एका क्षणाभोवती फिरत राहते. असे एखादे घर आपल्यापैकी बहुतेकांच्या नात्यात निघेल. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न ज्यूदो शिकलेल्यांकडे नेला. कुशीवर पडताना ज्यूदोच्या पद्धतीने लोळले, तर खुब्यावर येणारे बळ पाव हिश्श्याहून अधिक घटते, असे त्यांना २००७ च्या सुमारास दिसून आले. खेळाचा गंध नसलेल्या तरुणांना थोडा वेळ शिकवल्यावरही फरक पडला. तिथे वृद्धांसाठीच्या तोल सांभाळण्याच्या वर्गांतही पडण्याचे हे तंत्र शिकवले गेले.

म्हणजे ज्यूदोला जाणाऱ्या मुलीला प्रकल्प हवा असेल, तर तो तिच्याच घरात आहे. सारख्या वजनाचे शाडूचे गोळे घ्यावेत. ८० सेंटिमीटरवरून शहाबादी फरशीवर, सतरंजीवर, चौपदरी गोधडीवर आणि तालमीतून मागून आणलेल्या मातीवर प्रत्येकी दहादा टाकावेत. गोळा किती चपटा झाला ते पट्टीने मोजून सरासरी काढावी. दुसरा प्रयोग याहून सोपा. चपलेवर किलोभर वजन ठेवून ती ताणकाट्याने ओढावी : कोरड्या फरशीवर, ओल्या फरशीवर, साबणाच्या पाण्यावर. चप्पल हलायला किती बळ लागले, त्याचे आकडे लिहावेत. चपला दोन-तीन प्रकारच्या घेतल्या तर आणखी मजा. आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत, तरी ते खोडू नयेत. परीक्षक शहाणा असेल, तर त्याला तेच अधिक आवडतील.

आजीला मात्र लोळायला शिकवण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. ते काम डॉक्टरांना विचारून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे. शिवाय हाडे ठिसूळ झाल्यावर मुळात न पडणेच बरे. आजीपाशी वही घेऊन बसावे आणि तिला विचारावे, रात्री उठल्यावर दिव्याचे बटण हाताला लागते का, मोरीच्या उंबऱ्याला पाय अडखळतो का, आणि घसरलीस तर धरायला भिंतीवर काही आहे का.