गृहकला : जुन्या कोशावरचा टांका

गोंदिया जिल्ह्याच्या अरण्यांत ऐन व अर्जुन या वृक्षांवर टसराचे किडे पोसून कोसा काढण्याची वहिवाट जुनी आहे. हा जिल्हा १९९९ सालापर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. आणि भंडाऱ्याकडील मोहाडी, आंधळगांव येथील मागांवर करवतीच्या दातांसारख्या कांठांचीं कोशाचीं लुगडीं विणण्याची परंपरा आहे.

सोंवळ्यासाठीं वा सणासाठीं घेतलेलीं अशीं लुगडीं आजेसासूबाईंची आठवण म्हणून अनेक घरांत जपलेलीं असतात. त्यांच्या घडीवर चीर दिसली म्हणजे कोणी म्हणतें, कापून अभ्रे शिवावे. कोणी म्हणतें, चिरेवर फुलें भरून टाकावीं. आम्हांस दोन्हीहि पसंत नाहींत. जीर्ण वस्त्रावर दाट भरतकाम केलें, तर टांक्याच्या ओढीनें शेजारचे धागे तुटतात. येथें टांका शोभेसाठीं नसून आधारासाठीं आहे.

म्हणून चिरेखालीं धुतलेल्या मऊ मलमलीचा तुकडा ठेवावा, आणि त्याच लुगड्याच्या पदराच्या दशांतला धागा घेऊन बारीक सुईनें, सैल हातानें रफू करावा. कापड ताणणारी चौकट मुळींच लावूं नये. लुगडें धुतल्यावर पिळूं नये, सावलींत वाळवावें. दर दोन महिन्यांनीं घडी बदलावी. कारण एकाच रेषेवर मोड पडत राहिल्यानें रेशीम तुटतें.

इतकें करूनहि अंग टिकेनासें झालें, तर कांठ तेवढे सोडवून लेकीसुनांस वांटावे. मात्र प्रत्येक तुकड्यामागें मलमल लावून तिच्यावर मूळ नेसणारीचें नांव व साल साखळी टांक्यानें घालावें. तें कोणाचें, हें नातवंडांस विचारावें लागूं नये.