घरच्या सौर विजेत घरच्या हातांचा वाटा

शेतकऱ्याच्या घरी पुष्कळशी कामे घरच्याच हातांनी होतात. गोठ्याचे छप्पर शाकारणे असो, औताची दुरुस्ती असो, की पंपाचा वॉशर बदलणे असो, दर वेळी कारागिराची वाट पाहणे त्यास परवडत नाही. म्हणून घरावर सौर पॅनेल बसविण्याचा विचार निघताच, हेही काम आपणच का करू नये, असा प्रश्न त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नास सरसकट होकार देणे धोक्याचे आहे आणि सरसकट नकार देणेही चुकीचे आहे. कोणते काम घरी करावे व कोणते जाणत्यावर सोपवावे, याची सीमा आखली पाहिजे. आणि ती खर्चावरून नव्हे, तर चूक झाल्यास तिचे फळ कोणास भोगावे लागेल, यावरून आखली पाहिजे.

मळ्यातील घरासाठी १२ व्होल्टचा लहान संच घरी बसविता येण्याजोगा आहे. प्रथम गरजेचा हिशेब करावा. ९ वॅटचे ३ दिवे ५ तास जळल्यास १३५ वॅट-तास, २० वॅटचा पंखा ७ तास चालल्यास १४० आणि मोबाईलसाठी सुमारे १५, मिळून २९० वॅट-तास होतात. १०० वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ३०० ते ४०० वॅट-तास वीज देते. शिसे-आम्ल बॅटरी रोज निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर निकामी होते. यास्तव ६० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. पावसाळ्यात वीज कमी मिळते, तेव्हा पंख्याचा वापर आटोपता ठेवावा.

जोडणीचा क्रम मोडू नये. चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल; काढताना आधी पॅनेल सोडवावे. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज अवश्य बसवावा. दाब कमी असला की प्रवाह अधिक वाहतो, म्हणून तांब्याची जाड तार वापरावी. १२ व्होल्टचा झटका जाणवत नाही हे खरे. परंतु बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो क्षणात लालबुंद होतो. चार्ज होताना बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो. तेव्हा तिची जागा हवेशीर असावी व तेथे विडी-काडी पेटवू नये.

महावितरणच्या वाहिनीशी जोडलेल्या घरगुती संचाची गोष्ट निराळी आहे. ३ किलोवॅटसाठी ५०० वॅटची ६ पॅनेले एका माळेत जोडली, तर विजेचा दाब २५० व्होल्टच्याही वर जातो. ऊन आहे तोवर पॅनेलमधील हा दाब कोणत्याही बटनाने नाहीसा होत नाही. शिवाय तो दिष्ट प्रवाह असतो. घरातील नेहमीचा प्रवाह सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझण्यास वाव मिळतो. दिष्ट प्रवाहाची ठिणगी तशी विझत नाही. एक सैल जोड घरास आग लावण्यास पुरतो.

याहूनही मोठी जोखीम घराबाहेर आहे. वाहिनी बंद होताच योग्य इन्व्हर्टर स्वतःही बंद होतो. भारनियमनात छतावर लख्ख ऊन असूनही घरात दिवा का लागत नाही, याचे उत्तर हेच होय. त्या वेळी वीज हवी असल्यास बॅटरीची सोय असलेला संच घ्यावा लागतो. ही व्यवस्था डावलून कोणी भलताच इन्व्हर्टर वाहिनीस जोडला, तर घरची वीज रोहित्रातून उलटी जाऊन ११,००० व्होल्टची होऊ शकते. वाहिनी बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेला वायरमन गावातलाच कोणाचा तरी मुलगा असतो. आपल्या काटकसरीचे मोल त्याने चुकवावे, हे स्वावलंबन नव्हे. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट व त्याहून मोठ्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. मात्र काम नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच व्हावे लागते. स्वतः संच बसविणारा या रकमेसही मुकतो.

तथापि जोडणी दुसऱ्याने केली म्हणून घरधन्याचे काम संपत नाही. सावलीची पाहणी त्याच्याइतकी चांगली कोणी करू शकत नाही. एका कोपऱ्यावर पडलेली शेवग्याची सावलीही साऱ्या पॅनेलची वीज घटविते. ही पाहणी मार्गशीर्ष-पौषात सकाळी ९, दुपारी १२ व ३ वाजता करावी, कारण त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असून सावल्या सर्वांत लांब पडतात. वैशाखात जागा निवडणाऱ्याची फसगत होते. पॅनेलचे तोंड दक्षिणेस असावे. सांगाडा वळवाच्या वाऱ्यास टिकेल असा पक्का हवा. तो कौलांवर टेकवू नये, आणि सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. मळणीच्या दिवसांत भुसा साचतो, तो सकाळी काच थंड असताना साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही भरलेल्या अर्जांच्या संख्येवर समाधान मानू नये. अर्ज भरण्यापूर्वी एकदा शेतकऱ्याबरोबर छताखाली उभे राहून सावली, छताची मजबुती व घराची गरज पाहावी. ज्या घरी ३ दिव्यांची व एका पंख्याची निकड आहे, तेथे ३ किलोवॅटचे कर्ज गळ्यात घालणे हा विस्तार नव्हे. आपल्या हातांना काय जमते हे जाणणारा शेतकरी कुशल असतोच. कोठे थांबावे हेही जो जाणतो, त्याचे घर उजळते आणि शेजाऱ्याचेही सुरक्षित राहते.