आजारपणाची रजा आणि खाडा

आजारी असल्याचं कळवायला सकाळी फोन करताना एक गंमत होते. घसा खरोखरच बसलेला असतो, अंगात ताप असतो, तरी आपण आवाज आणखी थोडा बारीक करून बोलतो. समोरच्याला खोटं वाटू नये म्हणून खरं आजारपणसुद्धा रंगवून सांगावं लागतं. मग दिवसभर अंथरुणात पडून फोन बघत राहायचं. साहेब काय म्हणाले असतील, आपलं काम कुणाच्या गळ्यात पडलं असेल. संध्याकाळी ताप उतरला की आणखी वाईट वाटतं. इतक्या लवकर बरं वाटलं, म्हणजे जाता आलं असतं की!

मी शिक्षक आहे. हिंगोलीत आणि आसपासच्या गावांत नोकरी करणारे कितीतरी जण मला माहीत आहेत, ज्यांच्या किरकोळ रजा शिल्लक असतात आणि तरी ते तापात कामावर येतात. त्यांना शाबासकी मिळते. मला ती शाबासकी खटकते, कारण दुसऱ्या दिवशी जो खरोखर उठू शकत नाही त्याच्याकडे मग संशयाने बघितलं जातं.

आपली भाषाच बघा. कामावर न जाण्याला मराठीत दांडी म्हणतात, बुट्टी म्हणतात, खाडा म्हणतात. तिन्हींत आरोप आहे. बरा शब्द एकच, रजा. तो अरबीतून आला. उर्दूत आजही रज़ा म्हणजे संमती, राजीखुशी. शब्द आपल्याकडे राहिला, राजीखुशी मात्र वाटेत कुठेतरी गळाली.

खाड्याचा अर्थ ऊसतोडीला जाणाऱ्यांना विचारावा. मराठवाड्यातून, आपल्या जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरूनही, दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत दोघांचंही अंग गहाण असतं. दोघांपैकी एक आजारी पडला तरी खाडा धरला जातो, म्हणजे मजुरी बुडतेच, वर दंड. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या गाजल्या, तेव्हा दिवसाला पाचशे रुपये खाडा हा आकडा वारंवार छापून येत होता. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने माहिती मांडली ती अशी : पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. सगळ्या शस्त्रक्रिया खाड्याच्या भीतीनेच झाल्या असं कोणी म्हणू नये. खाजगी डॉक्टरांची कमाई, कॅन्सरची घातलेली भीती, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं, फडावर ना संडास ना न्हाणी, हे सगळं त्यात आहे. पण पाळीत दोन दिवस कोपीत पडून राहायची सोय नाही, तर पिशवीच नको, हा हिशेब अनेक जणींनी पत्रकारांना बोलून दाखवला होता.

ह्या बायांच्या शेजारी माझी किरकोळ रजेची टोचणी ठेवली की ती अगदीच क्षुल्लक वाटते. तरीही मला दोन्हींचं मूळ एकच दिसतं. माणूस आजारी पडणारच हे गृहीत धरून कामाची मांडणीच केलेली नाही. कायद्याने ते कधीच ओळखलं आहे. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. त्यात आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. पण त्यासाठी मोठी जागा लागते, नावनोंदणी लागते. आमच्या मोहल्ल्यातली गॅरेजवरची, बेकरीतली, शिलाईची पोरं त्यात कुठे बसतात? दोन कारागिरांच्या दुकानात एकाला टायफॉईड झाला की रोजी बंद, आणि वर उस्ताद तोंड फिरवतो.

टोचणी सगळीच खोटी असते असंही नाही. वस्तीवरची द्विशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणा. एक गुरुजी आजारी, की दुसऱ्या बाईंवर चार वर्ग, शिवाय पोषण आहार, शिवाय ऑनलाईन माहिती. घरी पडलेल्या गुरुजींना वाईट वाटणारच, वाटायलाही हवं. मात्र बाईंवर तो भार गुरुजींच्या तापाने टाकलेला नाही. दोन माणसांत चार वर्ग बसवणाऱ्यांनी टाकला आहे. त्यांना सकाळी कोणी फोन करत नाही आणि त्यांची झोपही उडत नाही.

आमच्याकडे ह्याचाच दुसरा नमुना रमजानमध्ये दिसतो. शुगर वाढलेली, इन्सुलिन घेणारी वडीलधारी माणसं रोजा सोडायला तयार होत नाहीत. डॉक्टर सांगतात, पोरं हात जोडतात. कुरआनने आजाऱ्याला आणि मुसाफिराला सूट दिलेली आहे, ही गोष्ट त्यांना पाठ असते. तरी लोक काय म्हणतील, आपलंच मन काय म्हणेल. सहीह बुखारीत अबू मूसा अश्अरी यांची एक रिवायत आहे. माणूस आजारी पडला किंवा प्रवासाला गेला, तर तो धडधाकट असताना, घरी असताना जे नेक अमल करत होता ते त्याच्या खात्यावर लिहिले जातात, असा तिचा आशय. तिथे खाडा धरत नाहीत. मुकादमाच्या वहीशी ताडून पाहण्यासारखी ही वही आहे.

२०२० मध्ये दुकानादुकानांवर, कचेऱ्यांवर पाट्या होत्या, ताप-खोकला असेल तर आत येऊ नका. तेव्हा घरी राहणारा जबाबदार ठरत होता. पाट्या निघाल्या आणि आपण पुन्हा शिंकत, खोकत कामावर येणाऱ्याचं कौतुक करू लागलो.

फोनवर एवढं सांगितलं तरी पुरतं : ताप आहे, आज येत नाही, अमुक काम अर्धं आहे, वही टेबलावर आहे. ऐकणाऱ्यानेही ‘नक्की काय होतंय?’ अशी उलटतपासणी घेऊ नये. शाळांपुरतं म्हणाल तर दर केंद्राला एक राखीव शिक्षक ठेवला तर द्विशिक्षकी शाळांचा हा प्रश्न पुष्कळसा सुटेल. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे. उचलीच्या करारात आजारपणाचा आणि पाळीचा दिवस खाडा धरू नये अशी एक ओळ घालून घेणं त्याच्या कामातच बसतं. यंदा कोयते निघायच्या आधी निदान तेवढं तरी व्हावं.