अण्णांचे घर

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ९ नोव्हेंबर १९६२ रोजी निधन झाले, तेव्हा त्यांच्या वयाची १०४ वर्षे पूर्ण झाली होती. १९५८ साली, शताब्दीच्या वर्षी, राष्ट्राने त्यांना भारतरत्न देऊन गौरविले आणि ते हयात असतानाच त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. इतके भाग्य फार थोड्या समाजसेवकांच्या वाट्याला येते. जयंती-पुण्यतिथीला त्यांचे पुण्यस्मरण होते, पुतळ्याला हार पडतो, विधवांच्या शिक्षणाचा आणि महिला विद्यापीठाचा इतिहास सांगितला जातो. ते सारे यथोचितच आहे. परंतु या स्मरणात एक गोष्ट बहुधा निसटून जाते. हिंगण्याच्या माळावर आश्रम उभा करणाऱ्या या पुरुषाला एक घर होते. त्या घरात पत्नी होती, मुले होती, पुढे सुना आणि नातवंडे आली. त्या घराने जे दिले त्याची नोंद संस्थेच्या जमाखर्चात कोठेच सापडत नाही.

कर्वे मूळचे कोकणातल्या मुरुडचे. घरची गरिबी आणि शिक्षणाची तळमळ दोन्ही त्यांनी लहानपणापासून सोसली. १८७५ साली परीक्षेला बसण्यासाठी ते घाटवाटा तुडवीत पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. पुढे १८८४ मध्ये ते मुंबईत बी. ए. झाले. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या, तेव्हा थोरला मुलगा रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्यासाठी पुण्यास आले. पुनर्विवाह करायचा तर विधवेशीच, हा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी विवाह केला. त्या आनंदीबाई झाल्या. घरातली माणसे आणि आश्रमातल्या मुली त्यांना 'बाया' म्हणत, आणि कर्व्यांना 'अण्णा'.

या विवाहाची किंमत दोघांनीही मोजली. मुरुडने बहिष्कार घातला, जन्मदात्या आईला मुलाच्या कृत्याचा सामाजिक ताप भोगावा लागला. तथापि अण्णांच्या पाठीशी निदान त्यांचे ध्येय होते. ध्येय ज्याचे असते त्याला कष्टही गोड लागतात. ज्यांनी ते ध्येय निवडलेले नसते, केवळ त्या माणसाशी नाते असल्यामुळे ज्यांच्या पदरी ते येते, त्यांचे काय?

१८९६ मध्ये अण्णांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० साली, प्लेगच्या दिवसांत, तो पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी त्यासाठी सहा एकर जमीन दिली होती. आश्रम विधवांना शिकवून स्वावलंबी करण्यासाठी होता. येथे मुलींना पुनर्विवाहाची फूस दिली जाते, असा संशय समाजात बळावला असता तर एकाही बापाने आपली लेक तेथे पाठविली नसती. म्हणून पुनर्विवाहित बायांचे बिऱ्हाड आश्रमापासून दूर, शहरातच राहिले. ज्या स्त्रीच्या विवाहाने अण्णांच्या सुधारणेला आरंभ झाला, तिलाच सुधारणेच्या हितासाठी बाजूला थांबावे लागले. अण्णा महाविद्यालयात शिकवीत आणि हिंगण्याची वाट पायी तुडवीत. मुलांची आजारपणे, घरभाडे, वाणसामान यांचा भार बायांच्या खांद्यावर राही. शिल्लक तर आश्रमाला गेलीच, पण संसाराचा आधार म्हणून उतरविलेल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही अण्णांनी आश्रमाच्या नावे केली.

यात अण्णांचा दोष शोधण्याचे कारण नाही. त्या काळी विधवेला माणूस म्हणून उभे करणारा कोणीतरी असा वेडा व्हावाच लागला असता. शिवाय बाया काही केवळ सोसणाऱ्या नव्हत्या. आश्रमासाठी त्याही वर्गणी मागत हिंडल्या. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या आणि निधीसाठी थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. मात्र बायांनी आपले दुःख झाकून ठेवले नाही. 'माझे पुराण' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या संसाराची कथा रोखठोक मराठीत सांगितली. अण्णांचे 'आत्मवृत्त' १९१५ चे. संस्थेचा इतिहास जाणण्यासाठी ते वाचावे. त्या इतिहासाचे मोल जाणण्यासाठी मात्र बायांचे पुस्तक वाचल्यावाचून गत्यंतर नाही.

मुलांच्या वाट्याला वडिलांचा सहवास थोडा आला, पण त्यांचा पीळ पुरेपूर आला. रघुनाथरावांनी संततिनियमनाचा विचार मांडण्यासाठी प्राध्यापकी गमावली आणि १९२७ पासून अखेरपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. त्यांची मते सर्वांना मान्य होणे तेव्हाही शक्य नव्हते आणि आजही नाही. पण लोकनिंदेपुढे न वाकण्याचा गुण त्यांनी कोणाकडून उचलला हे सांगावयास नको. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. भास्कर आणि त्यांच्या पत्नी कावेरीबाई यांनी हिंगण्याच्या संस्थेलाच वाहून घेतले. १९५० मध्ये बाया गेल्या. १९५३ मध्ये रघुनाथराव गेले. पंचाण्णव वर्षांच्या पित्याला सत्तरी गाठलेल्या ज्येष्ठ पुत्राचा मृत्यू पाहावा लागला. दीर्घायुष्याचे हेही एक देणे असते.

दिनकररावांच्या पत्नी म्हणजे मानववंशशास्त्रज्ञ आणि 'युगान्त'कार इरावती कर्वे. त्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीस निघाल्या तेव्हा सासऱ्यांची त्याला संमती नव्हती. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारा पुरुष सुनेच्या परदेशगमनाला विरोध करतो, हे आज विसंगत वाटते. पण माणसे अशीच असतात. इरावतीबाई पतीच्या पाठिंब्याने गेल्या, बर्लिनची डॉक्टरेट घेऊन आल्या आणि त्याच घरात नांदल्या. पुढे त्यांनी आपल्या सासऱ्यांविषयी जे लिहिले त्यात निस्सीम आदर आहे. मात्र अशा माणसाची सून होणे भाग्याचे असले तरी पत्नी होणे सोपे नव्हते, हे सांगण्यास त्या कचरल्या नाहीत. तिसऱ्या पिढीत जाई निंबकर व गौरी देशपांडे यांनी साहित्यात आणि आनंद कर्वे यांनी ग्रामोपयोगी तंत्रज्ञानात स्वतःची वाट काढली. कोणीही आजोबांची नक्कल केली नाही, आणि त्यांचा वारसा खऱ्या अर्थाने चालला तो त्यामुळेच.

या घराकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते स्मरणाची रीत. आपल्याकडे थोर माणसाला आठवण्याच्या दोन रीती रूढ झाल्या आहेत. एक त्याला देव करते. त्याच्या चुका, त्याच्या घरच्यांचे हाल यांचा उच्चारही तिला पाप वाटतो. दुसरी अलीकडची. ती त्याच्या घरातली एखादी विसंगती शोधून काढते आणि तेवढ्यावर त्याचे सारे आयुष्य रद्द ठरविते. कर्व्यांच्या कुटुंबाने दोन्ही रीती नाकारल्या. पत्नीने लिहिले, सुनेने लिहिले. दिनकररावांनी घरातल्या आठवणी इंग्रजीत नेल्या. लपविले काही नाही आणि प्रेमही तिळभर कमी झाले नाही. ज्याच्यावर माया आहे त्याच्याविषयी खरे बोलता येणे, ही श्रद्धांजलीची सर्वांत अवघड आणि सर्वांत प्रामाणिक परी होय.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आजही गावोगावी कार्यकर्ते आहेत. कोणी वनवासी पाड्यावर शाळा चालवितो, कोणी रुग्णसेवेत रात्री घालवितो, कोणी रविवार बैठकांना देतो. त्यांच्या कामाचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते. व्यासपीठावरून दोन वाक्ये 'त्यांच्या सुविद्य पत्नीच्या साथीविषयी' बोलली जातात आणि टाळ्या पडतात. पण त्या घरी फीची तारीख कोणी सांभाळली, वृद्ध आईला दवाखान्यात कोणी नेले, बाबा कधी येणार म्हणून विचारणाऱ्या लेकराला कोणी निजविले, हे विचारण्याची रीत संघटनांनी लावून घेतली पाहिजे. गृहस्थाश्रम हा सर्व आश्रमांचा आधार असे आपली परंपरा मानते. आधारालाच तडा गेला तर वरची इमारत किती काळ टिकेल? कार्यकर्त्याकडून वेळ मागताना त्याच्या घराचीही विचारपूस करणे ही उपकाराची बाब नव्हे. ती संघटनेच्या हिताचीच बाब आहे.

हिंगणे आज कर्वेनगर झाले आहे. माळावरची ती झोपडी जपून ठेवलेली आहे आणि बायांच्या नावाने संस्था पुरस्कारही देते, ही समाधानाची गोष्ट. झोपडीसमोर उभे राहणाऱ्या प्रत्येकाने अण्णांना हात जोडावेत. आणि त्याच वेळी शहरातल्या त्या दुसऱ्या बिऱ्हाडाचीही आठवण ठेवावी, जेथे रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असे आणि ताट झाकून ठेवून कोणीतरी वाट पाहत असे. एका आयुष्याची आहुती समाजाला दिसली. तिच्यासाठी ज्यांनी समिधा पुरविल्या, त्यांचे ऋण अजून फिटावयाचे आहे.