चरबीचीच गाठ असेल!

‘दुखत नाही ना? मग चरबीची गाठ असेल.’ आपल्याकडे बाईच्या छातीतल्या गाठीचं निदान बऱ्याचदा स्वयंपाकघरातच, या एका वाक्यात उरकतं. (‘स्तन’ म्हणायलाही आपण लाजतो, म्हणून ‘छाती’!) खरं तर कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. असो.

माझं आजचं भांडण पुढच्या पायरीशी आहे. मुलुंड घ्या, घाटकोपर घ्या, बोरिवली घ्या, स्टेशनच्या आसपास सोनोग्राफी सेंटर सापडतंच. बाई जाऊन येते, घरातलं कोणीतरी रिपोर्टची शेवटची ओळ वाचतं आणि फाईल कपाटात. विषय संपला! असा कसा संपला?

सोनोग्राफी गाठ पाण्याची की भरीव, कडा गुळगुळीत की वेड्यावाकड्या, ते सांगते. तरुण वयात स्तन दाट असतात, मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, तिथे तर तिचाच आधार. पण पेशी तिला दिसत नाहीत. रिपोर्टात ‘बायरॅड्स’ नावाचा आकडा असतो. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता फार तर २ टक्के. आणि ४ म्हणजे? २ पासून थेट ९५ टक्क्यांपर्यंत काहीही! याचा निकाल सुईच लावणार.

म्हणून डॉक्टर तीन साक्षी मागतात: हात, चित्र आणि पेशी. तिघांचं एकमत झालं तर निर्धास्त व्हा. एकीची जरी साक्ष फिरली, तरी चौकशी चालूच राहायला हवी.

हाताला कमी लेखू नका हं. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या एका गटाला प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं. २०२१ साली निकाल छापून आला. सगळ्या वयांत मिळून फरक ठाम नव्हता, पण पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. मात्र हात गाठ शोधतो. ती कसली, हे ठरवत नाही.

राहिला सुईचा बागुलबुवा. ‘सुई टोचली की पसरतो म्हणे!’ कोण म्हणे? सुईमुळे आजार बळावतो याला पुरावा नाही. उलट सोनोग्राफीत बघत बघत सुई नेमकी गाठीत नेता येते. कोअर बायोप्सीच्या तुकड्यावरून गाठ कसली, आणि कर्करोग असलाच तर हार्मोनच्या औषधांना दाद देईल का, हे ऑपरेशनआधीच कळतं.

प्रत्येक गाठीला सुई लागतेच असं नाही. साधी पाण्याची गाठ स्पष्ट दिसली तर बहुधा नकोच. पण हे डॉक्टरने तपासून ठरवायचं, शेजारणीने नाही.

तेव्हा मावशी, वहिनी, मैत्रिणींनो, फाईल कपाटात ठेवण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘तिन्ही जुळतात ना?’